दोन राखांची गोष्ट

‘अणुकचरा’ म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? पिवळं पिंप, त्यावर तो काळा त्रिपंखी शिक्का आणि झाकणाच्या फटीतून ठिबकणारा हिरवागार, चकाकता द्रव. सिम्प्सन्स बघितलेल्यांना तर वेगळं सांगायलाच नको. आता ‘कोळशाची राख’ म्हणा. काय आलं डोळ्यासमोर? बहुतेक काहीच नाही. फार तर आजीची शेगडी, किंवा राखेने घासलेली भांडी.

म्हणजे गंमत बघा. एका कचऱ्याची आपल्याला प्रचंड भीती आहे, पण त्याचं डोक्यातलं चित्र साफ चुकीचं आहे. दुसऱ्याचं चित्रच नाही, त्यामुळे भीतीही नाही. हे असं का झालं? मला वाटतं, याचं उत्तर शोधायला फिजिक्सपेक्षा इतिहास जास्त उपयोगी पडतो. आणि त्यासाठी फार भटकायचीही गरज नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातला वीसेक किलोमीटरचा एक पट्टा पुरतो. त्याच्या एका टोकाला अणुबॉम्बसाठी वसवलेलं गाव आहे, दुसऱ्या टोकाला कोळशावर चालणारं वीजकेंद्र. दोघांच्या अंगणातून एकच नदी वाहते, क्लिंच.

गुप्त गाव आणि त्याची भूक

१९४२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन लष्कराने पूर्व टेनेसीतली सुमारे ५९ हजार एकर जमीन ताब्यात घ्यायचं ठरवलं. तिथे राहणाऱ्या जवळपास तीन हजार माणसांना थोडक्या आठवड्यांत घरं-शेतं सोडावी लागली. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. तीन वर्षांत तिथे ७५ हजार वस्तीचं शहर उभं राहिलं आणि ते कुठल्याही नकाशावर नव्हतं. हे ओक रिज. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधलं युरेनियम समृद्ध केलं गेलं ते इथेच.

युरेनियम समृद्ध करणं म्हणजे काय? खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-२३५ असतं फक्त ०.७ टक्के. बाकी सगळं २३८. रासायनिकदृष्ट्या दोघं जुळे भाऊ, फरक फक्त वजनात, तोही नाममात्र. मग युरेनियमचा वायू करायचा आणि तो बारीक छिद्रांच्या पडद्यांमधून हजारो वेळा ढकलायचा. हलके रेणू जरा जास्त पुढे सरकतात, एवढ्या ‘जरा’वर सगळा कारखाना. त्यासाठी पंप रात्रंदिवस चालवायचे, म्हणजे वीजही तितकीच.

युद्ध संपलं, शीतयुद्ध सुरू झालं, कारखाने वाढले. टीव्हीए, म्हणजे तिथलं सरकारी वीज महामंडळ, धरणांवरच्या विजेसाठी प्रसिद्ध होतं. पण धरणं पुरेनात. म्हणून १९५१ मध्ये किंग्स्टन गावाजवळ, एमरी नदी क्लिंचला मिळते तिथे, कोळशाचं वीजकेंद्र बांधायला घेतलं. १९५५ पर्यंत त्याचे नऊच्या नऊ संच सुरू झाले. तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं कोळसा वीजकेंद्र होतं. पूर्ण क्षमतेने चाललं की दिवसाला १४ हजार टन कोळसा लागायचा.

थोडक्यात काय, अणुयुगाचं इंधन कोळशाच्या चुलीवर शिजत होतं. ‘अणू विरुद्ध कोळसा’ असे वाद आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये घालतो, पण या गावात ते दोघं पहिल्यापासून एकमेकांचे गिऱ्हाईक आणि दुकानदार होते.

ओक रिजची पापं

अणुऊर्जेच्या बाजूने बोलणारे बरेच लोक हा भाग गाळतात, म्हणून तो आधी सांगून टाकतो. ओक रिज काही धुतल्या तांदळाचं नाही.

तिथल्या प्रयोगशाळेतलं किरणोत्सर्गी सांडपाणी व्हाइट ओक नावाच्या ओढ्यात सोडलं जायचं आणि तिथून क्लिंच नदीत. १९५० च्या दशकाच्या मध्यावर याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. त्यातलं सीझियम-१३७ नदीच्या गाळाला चिकटून खाली बसलं. शेजारच्या वाय-१२ या कारखान्यात हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम वेगळं करायचे, त्यात पारा वापरायचे. त्यातला टनावारी पारा ओढ्यांत आणि जमिनीत गेला. लोकांना हे कळलं थेट १९८३ मध्ये. म्हणजे वीस-तीस वर्षं आजूबाजूची माणसं त्या ओढ्याकाठी राहत होती आणि सरकार गप्प होतं.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हा सगळा कचरा बॉम्बच्या कार्यक्रमाचा. घाईघाईत, गुप्ततेत आणि ‘आधी रशियाला गाठू, मग बघू’ या हिशोबाने केलेला, बहुतांशी द्रवरूप. हॅनफर्डच्या गळणाऱ्या टाक्या याच जातीच्या. २९ सप्टेंबर १९५७ ला सोव्हिएत युनियनमधल्या मायाकला जी टाकी फुटली, तीही बॉम्बसाठीच्या प्लुटोनियम कारखान्याची. ते हिरवं ठिबकणारं चित्र कुठून आलं असेल तर या द्रव कचऱ्यातून. वीजकेंद्रातल्या अणुभट्टीतून जे बाहेर येतं ते वेगळं असतं, त्याच्याकडे येऊच.

१९७८ चा तो पेपर

आता या गोष्टीतलं माझं आवडतं वळण.

डिसेंबर १९७८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ओक रिजच्याच प्रयोगशाळेतल्या मॅकब्राइड आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा एक पेपर आला. त्यांनी १००० मेगावॉटचं एक नमुना कोळसा वीजकेंद्र घेतलं आणि तेवढीच अणुवीज केंद्रं घेतली. दोन्हींच्या हवेतल्या उत्सर्जनातून आसपासच्या लोकांना किती किरणोत्सर्ग मिळेल, ते मोजलं.

कोळशात किरणोत्सर्ग कुठून आला? तर कोळसा हा शेवटी जमिनीतला दगडच. त्यात युरेनियम आणि थोरियम असतंच, अमेरिकन कोळशात सरासरी दहा लाखांत एक भाग युरेनियम आणि दोन भाग थोरियम. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण १००० मेगावॉटचं केंद्र वर्षाला तीसेक लाख टन कोळसा जाळतं. करा गुणाकार. वर्षाला तीन टन युरेनियम आणि सहा टन थोरियम! कोळसा जळून जातो, हे जळत नाही, ते राखेत उरतं. राखेतला एक टक्का जरी धुराड्यातून बाहेर गेला तरी काही किलो युरेनियम हवेत.

निष्कर्ष असा, की नियम पाळणाऱ्या अणुवीज केंद्रांपेक्षा कोळशाच्या केंद्राच्या हवेतून आसपासच्या लोकसंख्येला मिळणारा डोस साधारणपणे जास्त असतो.

झालं! पुढच्या तीस वर्षांत या वाक्याचा पार पतंग झाला. २००७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या संकेतस्थळावर तर मथळाच आला, की कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सर्गी आहे. आजही फॉरवर्ड फिरतात ते याच्यावरच.

आणि हे चूक आहे. पेपरमध्ये तुलना होती रोजच्या हवेतल्या उत्सर्जनाची. अणुभट्टीच्या आत जो कचरा आहे त्याच्याशी नाही. शिवाय दोन्ही बाजूंचे डोस इतके लहान होते, की निसर्गातून आपल्याला रोज मिळणाऱ्या किरणोत्सर्गापुढे ते कुठेच नाहीत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९७ मध्ये सांगितलं होतं, की राखेतलं युरेनियमचं प्रमाण ग्रॅनाइट किंवा शेलसारख्या साध्या खडकांच्या जवळपास जातं. ‘राख जास्त किरणोत्सर्गी’ म्हणणं म्हणजे पेटीत बंद केलेल्या नागापेक्षा घरात मोकळा फिरणारा डास जास्त विषारी आहे असं म्हणणं. डास जास्त चावतो हे खरं. जास्त विषारी आहे हे नाही.

त्या चौघांनी पेपरमध्येच स्पष्ट लिहिलं होतं, की किरणोत्सर्ग सोडून कोळशाचे जे बाकीचे प्रदूषक आहेत, त्यांचा विचार आम्ही केलेला नाही. खरी गोष्ट त्या गाळलेल्या भागात होती. पण किरणोत्सर्ग हा शब्दच असा आहे की बाकी सगळं दिसेनासं होतं. कोळशाची भीती वाटायला हवी हे पटवण्यासाठी सुद्धा आपल्याला अणूचीच भीती उसनी घ्यावी लागली!

मग खरा अणुकचरा असतो कसा?

वीजकेंद्रातलं इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या कडक भाजलेल्या गोळ्या, करंगळीच्या पेराएवढ्या. त्या धातूच्या लांब नळ्यांत भरलेल्या असतात, नळ्यांच्या जुड्या बांधलेल्या असतात. तीन ते पाच वर्षं वापरून झाल्यावर बाहेर निघतं तेही तेच, घन, तसंच नळ्यांत. ठिबकायला काही नाही.

पण म्हणून निरुपद्रवी अजिबात नाही. नुकत्याच काढलेल्या जुडीजवळ आडोशाशिवाय माणूस उभा राहिला तर मरणाचा डोस मिळायला काही मिनिटंही पुष्कळ झाली. म्हणून ती आधी काही वर्षं खोल पाण्यात ठेवतात आणि मग पोलाद-काँक्रीटच्या जाड पिंपांत. चाळीस वर्षांत तिचा किरणोत्सर्ग साधारण हजारावा भाग उरतो. ‘हजारो वर्षं टिकतो’ हेही खरंच आहे. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षांचं. पण अर्धायुष्य जितकं लांब तितका मारा मंद, हे त्या वाक्यामागून कुणी सांगत नाही. आणि शिसं, आर्सेनिक, पारा यांचं अर्धायुष्य किती? त्यांना ते नसतंच. ती कायमची.

आता वजनकाटा लावू. १००० मेगावॉटची अणुभट्टी वर्षाला पंचवीस-तीस टन वापरलेलं इंधन काढते. तेवढंच कोळशाचं केंद्र अमेरिकन कोळशावर तीनेक लाख टन राख काढतं. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण पस्तीस-चाळीस टक्के, म्हणजे इथे पंधरा लाख टनांच्या पुढे. वर साठ-सत्तर लाख टन कार्बन डायऑक्साइड, तो वेगळा. अमेरिकेने इतक्या दशकांत साठवलेलं सगळं वापरलेलं इंधन सुमारे ९० हजार टन आहे. ते एका फुटबॉलच्या मैदानावर रचलं तर उंची दहा यार्डांच्या आत राहील.

कोरड्या पिंपांत इंधन ठेवायला तिथे १९८६ मध्ये सुरुवात झाली. त्या पिंपांतून किरणोत्सर्ग बाहेर येऊन जनतेतल्या कुणाला इजा झाल्याची एकही नोंद नाही. (चेर्नोबिल आणि फुकुशिमा हे भट्टीचे अपघात, कचऱ्याचे नव्हेत. तो विषय मोठा आहे आणि वेगळा आहे.)

कोळशाच्या बाजूला काय? ‘सायन्स’मध्येच २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार १९९९ ते २०२० या काळात अमेरिकेतल्या वृद्धांमध्ये कोळसा केंद्रांच्या सूक्ष्म धूलिकणांशी जोडता येणारे मृत्यू होते ४ लाख ६० हजार. ‘लॅन्सेट’मधल्या २००७ च्या पेपरात युरोपची आकडेवारी आहे. दर शंभर कोटी युनिट विजेमागे कोळशाचे मृत्यू सुमारे २५, अणुवीजेचे ०.१ पेक्षाही कमी.

या २५ माणसांपैकी एकाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर ‘कोळसा’ लिहिलेलं नसतं. दमा, हृदयविकार, फुप्फुसाचा कॅन्सर, एवढंच. आमच्या धंद्यात एक जुना अनुभव आहे. ज्या सर्व्हरवर मॉनिटरिंग लावलंय तो सतत कुरकुरतो, रात्री दोनला अलर्ट पाठवतो. ज्याच्यावर काहीच लावलेलं नाही तो सगळ्यात शांत आणि निरोगी दिसतो. :) अणुकचऱ्याच्या प्रत्येक पिंपाला नंबर आहे, रजिस्टर आहे, पहारेकरी आहे. एक थेंब सांडला की बातमी. धुराड्यातून रोज सांडतं त्याचा अलर्टच नाही.

लोक उगाच घाबरतात का?

‘लोक अडाणी आहेत म्हणून घाबरतात’ हे आपलं इंजिनियर मंडळींचं लाडकं उत्तर. मला ते पटत नाही, आणि इतिहासही तसं सांगत नाही.

१९६५ ते ६७ मध्ये ओक रिजच्या शास्त्रज्ञांनी कॅन्सस राज्यात लायन्स गावाजवळच्या एका बंद मिठाच्या खाणीत प्रयोग केले. मिठाच्या थरात कचरा पुरता येईल का, हे बघायला. १९७० मध्ये अणुऊर्जा आयोगाने जाहीर केलं, की जागा मिळाली. कॅन्ससच्या भूगर्भ सर्वेक्षणातले लोक शंका काढत होते, त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. मग उघड झालं, की आसपास तेल आणि वायूसाठी खणलेली जुनी भोकं आहेत, आणि शेजारच्या मिठाच्या खाणीत सोडलेलं पाणी कुठे गेलं याचा पत्ता नाही. १९७२ पर्यंत प्रकल्प गुंडाळावा लागला. तज्ज्ञ म्हणत होते सगळं ठीक आहे, आणि बरोबर निघाले ते शंका काढणारे.

१९८७ मध्ये काँग्रेसने बाकीच्या जागांचा अभ्यास थांबवून नेवाडातला युक्का डोंगर एकट्यानेच पक्का केला. नेवाडाला ते आपल्या डोक्यावर लादल्यासारखं वाटलं, आणि पुढची वीस-बावीस वर्षं ते राज्य लढत राहिलं. २०१० च्या सुमारास तेही काम थांबलं. फिनलंडने उलट केलं. आधी गावाची संमती, मग खड्डा. ऑल्किलुओतो बेटावर चारशे मीटरहून खोल खडकात ओंकालो नावाची जागा २००४ पासून खणली गेली आणि २०२४ मध्ये तिथे कुप्या उतरवण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. खडक अमेरिकेतही आहेत. कमी पडला तो विश्वास.

ओक रिज प्रयोगशाळेचे प्रमुख अ‍ॅल्विन वाइनबर्ग यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलं होतं, की आम्ही अणूवाल्यांनी समाजाशी फाउस्टसारखा सौदा केलाय. ऊर्जा अमाप मिळेल, पण त्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या जागरूक राहणाऱ्या संस्था लागतील. स्वतःच्या धंद्याची किंमत इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा माणूस शोधावा लागेल. कोळशाच्या बाजूने असं कुणी लिहिलं का? सौदा तर तिथेही होता.

२२ डिसेंबर २००८

आता परत किंग्स्टनला. पन्नासेक वर्षं तिथली राख पाण्यात कालवून नदीकाठच्या बांधांआड साठवली जात होती. बांध उंच करायचे, अजून राख ओतायची. धुराचा त्रास होऊ लागला तेव्हा १९७० च्या दशकात १००० फुटी दोन धुराडी बांधली. म्हणजे धूर कमी नाही झाला, लांबच्या गावांना वाटला गेला.

त्या रात्री एकच्या सुमारास बांध फुटला. सुमारे ४१ लाख घनमीटर राखेचा चिखल एमरी नदीत आणि आजूबाजूच्या तीनशे एकरांवर पसरला. तीन घरं राहण्यालायक उरली नाहीत, आणखी बऱ्याच घरांचं नुकसान झालं. कडाक्याची थंडी, मध्यरात्र, म्हणून बाहेर कुणी नव्हतं. त्या रात्री कुणी मेलं नाही. टीव्हीएने आधी जो आकडा सांगितला तो खऱ्या आकड्याच्या एक तृतीयांशही नव्हता.

त्या राखेत आर्सेनिक होतं, शिसं, सेलेनियम, पारा होता. सुमारे नऊशे कामगार पुढची काही वर्षं ती उपसत होते. चिखल ओला होता तोवर ठीक, वाळला की बारीक धूळ उडायची. धुळीचे मास्क मागितले तर मिळाले नाहीत, उलट ही राख रोज पोटात गेली तरी काही होत नाही असं सांगितलं गेलं, अशा साक्षी कामगारांनी नंतर न्यायालयात दिल्या. पुढे कुणाला धाप, कुणाला रक्ताचा कॅन्सर, कुणाला फुप्फुसाचा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नॉक्सव्हिलच्या ज्यूरीने निकाल दिला, की साफसफाईच्या ठेकेदाराने कामगारांची काळजी घेण्यात कसूर केली आणि त्यातून असे आजार होऊ शकतात. तोपर्यंत तीसहून जास्त कामगार गेले होते. तडजोड झाली ती २०२३ मध्ये. राख सांडल्यापासून पंधरा वर्षांनी!

एकच कल्पना करून बघा. हाच चिखल एखाद्या अणुवीज केंद्रातून, आणि कितीही सौम्य असता, तर? कामगार नखशिखांत सूट घालून उतरले असते, प्रत्येकाच्या छातीवर डोस मोजणारा बिल्ला असता, आणि त्या जागेचं नाव जगातल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असतं. किंग्स्टनचं नाव तुम्ही आजच्या आधी ऐकलं होतंत का?

उपसलेल्या राखेपैकी बरीचशी रेल्वेने अलाबामातल्या पेरी काउंटीत नेऊन टाकली. गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीचा भाग. ओरडणाऱ्यांच्या गावातून निघाली, ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्या गावात गेली.

आणि कायदा काय म्हणत होता? १९८० मध्ये अमेरिकन काँग्रेसने कोळशाच्या राखेला धोकादायक कचऱ्याच्या नियमांतून वगळलं होतं. २००० मध्ये पुन्हा तेच ठरलं. किंग्स्टननंतर २०१५ मध्ये पहिल्यांदा देशभरासाठी नियम आले, पण राख राहिली ‘बिनधोक्याच्या’ वर्गातच, म्हणजे घरातल्या कचऱ्याच्या पंगतीत.

नदीच्या तळाशी

सगळी राख काढली का? नाही. सुमारे पाच लाख घनयार्ड राख नद्यांच्या तळाशी राहू दिली. कारण क्लिंचच्या त्या गाळात ओक रिजचं जुनं सीझियम आणि पारा होता. राख उपसायला गेलो तर खाली दबलेलं तेही ढवळून वर येईल, अशी भीती. म्हणून ठरलं, की हात लावू नये, नदीनेच हळूहळू त्यावर गाळ टाकावा, आपण मोजत राहावं.

आज तिथे दोन्ही राखा एकमेकींत मिसळून पडल्या आहेत, बॉम्बची आणि कोळशाची. सीझियमचं अर्धायुष्य तीस वर्षांचं. १९५५ मध्ये सोडलेल्यातलं आता पाचवा हिस्साही उरलेलं नाही. आर्सेनिक होतं तेवढंच आहे.

आणि आपण?

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देता येत नाही. जैतापूरला दहा-पंधरा वर्षं आपण काय काय ऐकलं! १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीवही गेला. तिथल्या लोकांचे जमिनीचे, मासेमारीचे, भूकंपाचे प्रश्न खरे होते. ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणून ते उडवून लावणं म्हणजे लायन्सचीच पुनरावृत्ती.

पण त्याच वर्षांमध्ये चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ इथली धुराडी चालूच होती. २०२१-२२ मध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांनी २७ कोटी टन राख काढली. बरीचशी सिमेंट-विटांत जाते, पण जुने ढीग आणि तलाव आहेतच. एप्रिल २०२० मध्ये सिंगरौलीजवळ सासनला राखेचा बांध फुटून सहा माणसं गेली. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख तलाव फुटला, चिखल शेतांत आणि नदीत गेला. नागपूर सोडून किती जणांना हे आठवतंय?

म्हणून कुणी ‘अणुकचऱ्याचं काय?’ असं विचारलं की मला त्याचा राग येत नाही. प्रश्न अगदी योग्य आहे. कुठे ठेवणार, किती वर्षं, पहारा कोण देणार, गळलं तर भरपाई कोण देणार, हे विचारलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की हे चारही प्रश्न कोराडीलाही विचारा, चंद्रपूरलाही विचारा. तलाव किती भरलाय, बांध शेवटचा कधी तपासला, विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक किती, उपसणाऱ्या माणसाच्या तोंडावर मास्क आहे का.

किंग्स्टनच्या कामगारांना नेमकं हेच विचारायचं होतं, आणि ते ऐकून घ्यायला रजिस्टर घेऊन कुणी बसलेलंच नव्हतं.

असो. बराच लांबला लेख. आकडे कुणाला तपासून बघायचे असतील तर जरूर बघा. तपासायची सवय लागली तर लेखाचं काम झालं.